रोम म्हणजे चिविताव्हेक्किया!

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवरच्या या लेखात 'तिसऱ्या दिवशी रोम' एवढ्या एका ओळीत उरकलंय. पण जहाज लागतं चिविताव्हेक्किया बंदराला, तिथून रोम ७०-८० किलोमीटर. आम्ही ट्रेनने गेलो, कलोसियम बाहेरूनच पाहिलं आणि सारखं घड्याळ बघत परतलो. स्वतःचे स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही हो! फ्लोरेन्सचंही तेच, बंदर लिव्होर्नो.

मार्गात तुर्कस्तानातलं कुशादासी असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे अनेकदा प्रवेश देणाराच मागा, कारण तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही आणि तिथून ग्रीसला परतणं म्हणजे दुसरी एंट्री.

आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा. जहाजावर चढताना दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या नेमक्या त्यातच! जेवणाच्या टेबलावर बसेपर्यंत माझाच बीपी वाढला होता.