डब्यातली 'सूक्ष्म प्रथिनं' आणि चाळिशीची भीती

अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: "शास्त्रज्ञांनी दडवलेली सूक्ष्म प्रथिने चाळिशीनंतर शरीरात बनत नाहीत. पावडर घ्या, ताकद मिळवा!" काल तर्री-पोहे खाताना दोघांनी डबा मागवल्याचं सांगितलं, म्हणून हे लिहितोय.

'दडवलेली'? दिसली नव्हती, एवढंच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लं नावाच्या कड्यांची साखळी; सूक्ष्म प्रथिन म्हणजे अगदी छोटी साखळी. जनुकं हुडकणारे संगणकी प्रोग्रॅम 100 अमिनो आम्लांपेक्षा लहान साखळ्या सहसा सोडून देत, कारण डीएनएमध्ये तसे तुकडे निव्वळ योगायोगानेही ढिगाने सापडतात. डीएनएची आरएनए नावाची प्रत वाचून प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र म्हणजे रायबोसोम. 2009 साली रायबोसोम प्रोफायलिंग हे तंत्र आलं. रायबोसोम आरएनएवर नेमका कुठे बसलाय ते कळू लागलं, आणि 'यातून प्रथिन बनत नाही' असा शिक्का मारलेल्या आरएनएवरही तो सापडला. 2022 मध्ये माणसाच्या डीएनएतल्या अशा 7,264 जागांची यादी चक्क छापून आली. (सगळ्यांतून टिकाऊ प्रथिन निघतं असं नाही. काही साखळ्या पेशी लगेच मोडते. काही ठिकाणी रायबोसोमला तिथे गुंतवून पुढच्या मोठ्या प्रथिनाचं उत्पादन रोखणं, हेच त्या जागेचं काम.)

'चाळिशीनंतर बनत नाहीत'? यांच्यासाठी वेगळा कारखाना नाही बाप्पा! मोठी प्रथिनं बनवणारा रायबोसोमच यांनाही बनवतो. तो बंद पडला तर मेसेज पुढे पाठवायला माणूसच उरणार नाही.

खरी गंमत 'ताकदी'ची आहे. मायोरेग्युलिन हे जेमतेम 46 अमिनो आम्लांचं प्रथिन 2015 मध्ये उजेडात आलं, तेही अशाच शिक्का मारलेल्या आरएनएतून. स्नायू आकसला की कॅल्शियम परत पेशीतल्या साठ्यात ओढणारा एक पंप असतो. मायोरेग्युलिन त्याला ब्रेक लावतं. उंदरांतून ते काढून टाकलं, तर उंदीर जास्त धावले! उलट 34 अमिनो आम्लांचं ड्वॉर्फ त्याच पंपाला जोर देतं. म्हणजे 'सूक्ष्म प्रथिन' हे काही एका टॉनिकचं नाव नव्हे. डब्यात ब्रेक आहे की अ‍ॅक्सिलरेटर, ते तरी विचारलंत का?

आणि काहीही असलं तरी पोटात गेल्यावर त्याचं वरणातल्या प्रथिनासारखंच होणार: आतडं त्याचे तुकडे करून पचवणार. डबा मागवणाऱ्यांपैकी एकाच्या घरी फ्रिजमध्ये इन्सुलिनची पेनं आहेत. तेही छोटंच प्रथिन, 51 अमिनो आम्लांचं. भाऊ, ते दुधात कालवून न देता टोचावं काहून लागते, हे एकदा वहिनींना विचारा.