नदीवर पाय कसा द्यायचा?

जळगावच्या विमानतळावर खानदेशचा नकाशा दाखवणारी मोठी कलाकृती असावी, असं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि वाद पेटला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आधी विमानं तर नियमित येऊ देत!"

त्याचं चुकत नाही. उद्घाटन झालं 2012 मध्ये, आणि छोटी शहरं स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतलं मुंबईचं विमान यायला 2017 चा डिसेंबर उजाडला. तेही फार टिकलं नाही. लोकांनी इतकी वर्षं वाट पाहिली आहे, त्यांना राग येणारच.

तरी मी हट्ट सोडत नाही, याला कारण इथला, मी राहतो त्या अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोचा, एक गालिचा. विमानतळावरून पार्किंगकडे जाणाऱ्या पुलावर तो सैयद अलावी या कलाकाराने अंथरला. विमानातून दिसावी तशी सॅक्रामेंटो नदी त्यावर विणलेली, सुमारे 50 मैलांची, दोन्ही काठच्या शेतांसकट. आई पहिल्यांदा आली तेव्हा पुलाच्या तोंडाशीच थबकली. लोक बॅगा ओढत नदीच्या पात्रातून चालले होते. "हाई नदी शे का?" तिने विचारलं. मी हो म्हणताच चपला हातात घेतल्या आणि काठाकाठाने चालू लागली. मध्येच वाकून एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं, हे कसलं शेत म्हणून. विमानात तिला खिडकी मिळाली नव्हती. वरून जमीन कशी दिसते, ते तिने त्या पुलावर पाहिलं.

इथे ठरावीक सरकारी बांधकामांच्या खर्चातले 2 टक्के कलेसाठी काढून ठेवतात. त्यामुळे विमानं हवीत की कला, हे भांडणच होत नाही. तसा नियम आपल्याकडेही व्हावा.

पण इथली नक्कल मात्र नको. मुंबई विमानतळाच्या टी-2 टर्मिनलवर सुमारे 3 किलोमीटरची 'जय हे' ही कलाभिंत आहे, मला ती फार आवडते. मला सोडायला दर वेळी जळगावहून येणाऱ्या काकांनी ती कधीच पाहिलेली नाही, कारण तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. म्हणून आपली कलाकृती बाहेर हवी, सोडायला आलेली माणसं उभी राहतात तिथे. आणि भिंतीवर. तापीवर पाय द्यायला लावू नये कुणाला.

माझ्या डोळ्यांसमोर भलीमोठी गोधडी आहे, गावोगावच्या बायांनी शिवलेली. तिच्यावर तापी, तिला चांगदेवला पूर्णा येऊन मिळते, मुडावदला पांझरा, प्रकाशाला गोमाई. काळ्या लुगड्यांची जमीन, रावेर-यावलच्या केळीला हिरवे तुकडे, वरच्या काठाला सातपुडा.

काल फोनवर आईला हे सांगितलं. ती म्हणाली, तापीला निळं कापड घेऊ नका, पावसाळ्यात ती मातकट असते.