म्हणे, बायकांनी सनद मागितलीच नाही!

15 नोव्हेंबर आला की नाशिकच्या ग्रुपांवर वकील कॉर्नेलिया सोराबजींचा मेसेज फिरतो. 1866 मध्ये त्यांचा जन्म आपल्या नाशिकचा, त्यामुळे कौतुक व्हायलाच हवं. पण यंदा भाचीने तो मेसेज लॉ कॉलेजच्या भाषणासाठी जसाच्या तसा उतरवून घेतला, आणि गप्प बसवेना. त्यात म्हटलंय: 1892 मध्ये ऑक्सफर्डची पदवी घेऊन त्या वकील झाल्या, कोर्टाचं दार बायकांना बंद नव्हतंच, बाकीच्यांनी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मागितलीच नाही, 1896 मध्ये सोराबजी पुण्यात कोर्टात उभ्या राहिल्या, हा त्याचा पुरावा.

पदवीचं आधी उरकते. 1892 मध्ये त्या ऑक्सफर्डची बीसीएल ही कायद्याची परीक्षा पास झाल्या. पदवी हातात पडली 1922 मध्ये. ऑक्सफर्ड 1920 पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं.

सनद मागितली नाही, हे मात्र धादांत खोटं. 1916 मध्ये रेजिना गुहा या एमए आणि बीएल (कायद्याची पदवी) झालेल्या बाईंनी कलकत्त्यातल्या अलीपूरच्या जिल्हा कोर्टात प्लीडर, म्हणजे वकील, म्हणून नोंद मागितली. प्रकरण कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेलं. 1879 च्या वकिलीच्या कायद्यात शब्द होता 'व्यक्ती', पण पुढचं सर्वनाम पुल्लिंगी. पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरावी, असा सर्वसाधारण नियम कायद्यात तेव्हाही होता. तरी पाचही जणांचं म्हणणं एकच: या कायद्यातली 'व्यक्ती' म्हणजे पुरुष. अर्ज फेटाळला. 1921 मध्ये पाटणा हायकोर्टात सुधांशुबाला हाजरांचंही तेच झालं. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने सोराबजींची नोंद केली, म्हणजे एका हायकोर्टात बाई वकील, दुसऱ्यात नाही!

हा घोळ मिटवायला 1923 चा 23 वा कायदा करावा लागला. केवळ स्त्री आहे म्हणून कुणाला वकिलीसाठी अपात्र ठरवता येणार नाही, एवढंच तो सांगतो. दार उघडं होतं तर हा कायदा कशाला केला?

1896 चं खरं आहे, मान्य. पण फौजदारी खटल्यात कोर्टाच्या परवानगीने सनद नसलेल्या माणसालाही आरोपीची बाजू मांडता येत असे. सोराबजी तशा उभ्या राहिल्या. त्यानंतर 1897 मध्ये मुंबईची एलएलबी आणि 1899 मध्ये अलाहाबादची प्लीडरची परीक्षा देऊनही सनद लांबच राहिली.

1924 मध्ये त्यांनी वकिली सुरू केली ती कलकत्त्यात, गुहांना नाकारणाऱ्या त्याच हायकोर्टात. तेव्हा भाचीबाई, भाषणात गुहांचं नाव आधी घे.