स्टेनलेसचा बोल्ट गंजत नाही म्हणे!
एक बोल्ट. बाइकच्या इंजिन कव्हरचा फक्त एक बोल्ट काढायचा होता आणि अख्खी सुट्टी त्यात गेली. पाना लावला, जरा जोर दिला, कट्ट झालं आणि डोकं हातात, दांडा आत. भोकाच्या कडेला पांढरी पूड. ती पूड बघूनच माझं टाळकं सटकलं.

मागच्या वेळी कव्हर उघडलं तेव्हा मेकॅनिकने स्वतःहून स्टेनलेसचे बोल्ट टाकले, म्हणे हे गंजतच नाहीत. अरे बोल्ट नाही गंजत, पण कव्हर ॲल्युमिनियमचं आहे ना! दोन वेगळे धातू टेकलेले, त्यात पाणी शिरलं, पाण्यात थोडं मीठ असलं की झाला बॅटरीसारखा सेल तयार, ॲल्युमिनियम ॲनोड, म्हणजे झिजणारी बाजू, होऊन झिजत बसतं आणि बोल्ट चकचकीत. आणि त्या झिजेची ती पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आट्यांमध्ये अशी ठासून बसते की बोल्ट तुटेल पण फिरणार नाही.

बरं हे काही नवीन आहे का? ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये अलार्म नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले लोखंडी खिळ्यांनी, दोनेक वर्षांत खिळे खलास, आणि जिथे मध्ये पॅकिंगचा कागद चुकून राहिला होता तिथले खिळे शाबूत! कागद! त्याने दोन धातू टेकू दिले नाहीत, बस. अडीचशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट, आणि आज आट्यांना बोटभर अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावायचा कंटाळा येतो?

वर सल्ला काय, तर ॲल्युमिनियमला रंग मार. फक्त ॲल्युमिनियमला मारला आणि एक ओरखडा पडला तर सगळी झीज तेवढ्याच ठिपक्यावर होते आणि तिथे खड्डा पडतो. मारायचाच तर दोन्हीला मारा, एकालाच जमत असेल तर स्टेनलेसला मारा. हे सांगितलं की लोक वेड्यासारखं बघतात.

आता तेल सोडून ठेवलंय, उद्या हीट गनने कव्हर तापवणार. ॲल्युमिनियम डिग्रीला दहा लाखात 23 भाग फुगतं, स्टेनलेस 17, त्या फरकाने पकड सुटली तर सुटली. नाहीतर ड्रिलने बोल्ट पोखरून काढायचा आणि भोकात हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवायची. आणि अजून पाच बोल्ट तसेच कोरडे आवळलेत, तेही सगळे मलाच काढायचेत.