म्हणे बायका निवडूनच येत नाहीत!

आत्याने काल फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला. एवढं आरक्षण देऊनही लोकसभेत बायका कमी, कारण त्यांना राजकारणात रस नसतो. उभ्या राहिल्या तरी पडतात. आरक्षण दिलं तर कारभार नवरा बघतो. आणि इंदिरा गांधींना कुठे लागलं होतं आरक्षण? खाली अकरा जणांचे अंगठे.

रसाचं दोन ओळींत उरकतो. २०१९ आणि २०२४, दोन्ही लोकसभांना बायकांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित जास्त होती. आत्या स्वतः सकाळी सातला रांगेत असते.

डोकं फिरलं ते ‘पडतात’ वाचून. अहो, पडायला आधी तिकीट लागतं! २०२४ मध्ये उमेदवारांत बायका दहा टक्केसुद्धा नव्हत्या. निवडून आल्या ५४३ पैकी ७४, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या वर. डिपॉझिट घालवणाऱ्या अपक्षांत पुरुषांचीच भाऊगर्दी असते, त्यामुळे हा फरक थोडा फुगतो, हे धरूनच चला. मग ओडिशा बघा. २०१९ ला बिजू जनता दलाने २१ पैकी ७ जागी बायका दिल्या. त्यातल्या ५ आल्या. १४ पुरुषांतले ७. अस्कामधून प्रमिला बिसोई उभ्या होत्या. शिक्षण तिसरीपर्यंत, काम बचत गटाचं, पाठीशी घराणं नाही. दोन लाखांवर मताधिक्य घेतलं बाईंनी.

नवऱ्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. सरपंचपती आहेत, सहीपुरत्या सरपंचही आहेत. नाइलाजाने मान्य. पण मुंबई महापालिकेचं काय? १९९७ ला महिलांसाठी राखीव असलेले काही वॉर्ड २००२ ला खुले झाले. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी त्यांचा अभ्यास केला, २००९ मध्ये छापला. आधी राखीव राहिलेल्या खुल्या वॉर्डात बाई निवडून येण्याची शक्यता, १९९७ लाही खुल्या असलेल्या वॉर्डाच्या सुमारे पाचपट निघाली. राखीव जागेमुळे बाईला पाय रोवता आले आणि बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळलं. नुसते नवरेच कारभार बघत असते, तर जागा खुली होताच ते स्वतःच उभे राहिले असते ना?

इंदिरा गांधींना आरक्षण लागलं नाही, बरोबर. वडील पंतप्रधान होते.

आणि ‘एवढं आरक्षण देऊनही’ हे कुठून आलं? २०२३ च्या महिला आरक्षण कायद्याने अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरच्या काळावर ढकलली. २०२४ ला लोकसभेची एकही जागा महिलांसाठी राखीव नव्हती.