पर्यावरण न्यायाच्या कामात यायचंय? आधी तारखा मोजायला शिका

कायदा किंवा समाजकार्य शिकणारी बरीच मुलं या कामात यायचं म्हणतात. तळमळ असते, वाचनही असतं. मुदतीचं गणित मात्र नसतं, आणि चांगली चांगली प्रकरणं पडतात ती तिथेच.

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली की तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खास न्यायपीठात, अपील करायला 30 दिवस. उशिराचं सबळ कारण दिलंत तर आणखी 60. त्यानंतर तुमचं म्हणणं कितीही खरं असो, लवादाला ते ऐकायचा अधिकारच उरत नाही. गावात तर मंजुरीचं पत्र कुणी पाहिलेलंही नसतं. मग ते पोर्टलवर कधी चढलं, कंपनीने वर्तमानपत्रात जाहिरात कधी दिली, यावरच वाद रंगतो. म्हणून पर्यावरण मंजुऱ्यांचं सरकारी ‘परिवेश’ पोर्टल दर आठवड्याला उघडायचं आणि जाहिरातीचं कात्रण तारखेसकट जपायचं. भरपाई मागायला पाच वर्षं असतात, त्यामुळे तिथे एवढी घाई नसते.

खरी लढाई मंजुरीच्या आधीची, जनसुनावणीची, म्हणजे प्रकल्पाबद्दल गावाचं म्हणणं ऐकायच्या बैठकीची. केंद्राच्या 2006च्या पर्यावरण मंजुरीविषयक अधिसूचनेनुसार तिची किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो आणि सुनावणीचं चित्रीकरण करावं लागतं. गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अट नाही. त्यामुळे ‘बहिष्कार टाकू, सुनावणीच रद्द होईल’ हा सल्ला देणाऱ्यापासून जपून राहा. मंडप रिकामा असला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. भाषणं विरून जातात, लेखी हरकत टिकते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधीच द्या आणि पोहोच घ्या, शिक्क्यासह. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोवर लोक जेवायला निघून गेलेले असतात, आणि नको ती वाक्यं नेमकी तेव्हाच आत शिरतात.

हरकतही नेमकी हवी. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्याने काही होत नाही. ‘अहवालात अमुक पानावर ओढा हंगामी म्हटलाय, पण त्यावर गावाची नळपाणी योजना आहे, हा ठराव जोडलाय’ असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं. मराठीत फक्त सारांश मिळतो, मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. तो वाचून गावाच्या भाषेत उतरवणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. कामाला सुरुवात करायची तर इथून करा.

पाण्याच्या नमुन्याचंही तसंच. बाटली भरून खासगी प्रयोगशाळेत दिलीत तर बातमी होईल, पण जलप्रदूषण कायद्याखाली खटला उभा राहतो तो मंडळाने रीतसर नोटीस देऊन घेतलेल्या, सीलबंद नमुन्यावर. आपला अहवाल जोडून मंडळाकडे संयुक्त पाहणी मागायची आणि पंचनाम्याची प्रत घ्यायची.

आता दार कुठलं ठोठवायचं? मुंबईतलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारचं माहुल बघा. तिथल्या दूषित हवेचा प्रश्न हरित लवादात गेला आणि 2020 मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे 286 कोटींची भरपाई बसली. पण तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून ज्यांना त्याच हवेत राहायला पाठवलं, त्यांचा प्रश्न घराचा आणि जगण्याच्या हक्काचा होता. तो उच्च न्यायालयात लढवला गेला. 2019 मध्ये न्यायालयाने या रहिवाशांना दरमहा 15,000 रुपये भाडं मिळावं असा आदेश दिला. धूर एकच असूनही दारं दोन लागली, कारण लवादाची कक्षा त्याच्या स्वतःच्या कायद्याला जोडलेल्या यादीतल्या सात कायद्यांपुरती आहे. जंगलावर जगणाऱ्यांना हक्क देणारा वनहक्क कायदाही त्या यादीत नाही. वनहक्काचा दावा ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती असा चढतो आणि प्रत्येक पायरीवर दाद मागायला 60 दिवस असतात.

पैशाचंही बोलून घेऊ. संस्थांच्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पाच्या निधीवर चालतात, निधी संपला की नोकरी संपते. वकिली करणाऱ्यांनी सोबत जमिनीचे, दिवाणी दावे चालू ठेवावेत. त्यात कसलाही कमीपणा नाही, उलट सातबारा आणि फेरफार वाचायचा सराव तिथेच होतो.