मानसशास्त्र अकरावीला, पण कशासाठी?

सांगलीला भावाच्या घरी सध्या एकच वाद आहे: भाचीला अकरावीला मानसशास्त्र घ्यायचंय. भाऊ म्हणतो, एवढे मार्क पडलेत, आर्ट्सला कशाला जायचं, स्कोप काय त्याला? वहिनी लेकीच्या बाजूनं, पण तिचं कारण निराळं. पोरांना हल्ली ताण सोसत नाही, तेव्हा हा विषय सगळ्यांनाच सक्तीचा करावा, म्हणजे मनं घट्ट होतील. इंग्लंडात, रेडिंगला बसून मी दोघांचं ऐकते. मला दोघांचंही पटत नाही, वहिनीचं जरा जास्तच.

माझ्या मुलीनं इथं ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, हा विषय घेतलाय; सोबत जीवशास्त्र आणि गणित. बहुतेक मुलं तीनच विषय घेतात. सोळाव्या वर्षी बाकी सगळं सोडून द्यायचं हे मला अजूनही पटलेलं नाही, पण ते असो. इंग्लंडमध्ये अलीकडे गणिताच्या खालोखाल सर्वाधिक मुलं मानसशास्त्राच्या परीक्षेला बसतात. 'सोपं असेल' म्हणून शिरणारीही त्यात असतात. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र सुरू झालं की त्यांची तोंडं उतरतात. किमान 10 टक्के गुण नुसत्या गणिती कौशल्यांना असतात.

मध्यंतरी लेकीनं स्मरणशक्तीच्या प्रयोगासाठी आजीला व्हिडिओ कॉलवर बसवलं. आधी संमतीपत्र वाचून दाखवलं: तुम्ही प्रयोग केव्हाही सोडून जाऊ शकता. माझी आई म्हणाली, "अगं, कुकर लावलाय, जाणार कुठं मी?" मग शब्दांची यादी: घाट, कृष्णा, देऊळ, मोदक, आरती, दूर्वा असे बरेच. आईनं निम्मेअधिक सांगितले, आणि 'गणपती' तर अगदी छातीठोकपणे. तो यादीत नव्हताच. लेकीनं चुकीची फुली मारली नाही, वेगळ्या रकान्यात नोंद केली. सापळा मुद्दाम रचलेला होता.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा प्रयोग तिच्या अभ्यासक्रमातच आहे. अपघाताची तीच चित्रफीत दाखवून गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं, तर लोक सरासरी ताशी 34 मैल सांगत. 'आदळून चुराडा झाला' म्हटलं की 41. साक्षीदार खोटं बोलत नव्हते, प्रश्नातल्या शब्दानं त्यांचं उत्तर बदललं होतं. हे सोळाव्या वर्षी कळलेलं पोर 'मी डोळ्यांनी पाहिलंय' या वाक्याला सहजी भुलत नाही. मला या विषयाची किंमत वाटते ती इथं. आपल्या बोर्डाचं पुस्तकही मराठीत आहे, आणि मानसशास्त्र हे शास्त्र आहे हे त्यातही सांगितलंय.

पण त्यानं ताण जात नाही. नैराश्याची लक्षणं पाठ असलेल्या मुलीलाही नैराश्य येतं. इथंही हा विषय शिकवणारी बाई उपचार करत नाही, आणि सरकारी आरोग्यसेवेत मुलांना मानसोपचारासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, तेव्हा इकडचं फार कौतुक नको. वहिनीला मी म्हटलं, सक्ती करायचीच तर समुपदेशकाची करा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत तो हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय. थोरल्याला नीटच्या क्लासला घातलंय ना, तिथं जाऊन विचार, तुमचा समुपदेशक कोण?

भावाची कमाईची काळजी खोटी नाही. बीएवर भागत नाही, पुढं एमए तरी लागतंच. पण त्याचा खरा राग आर्ट्सवर आहे, आणि तो राग शाखांच्या भिंतींवर निघायला हवा. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं त्या भिंती कागदावर पाडल्यात. भाचीनं कॉलेजात जीवशास्त्र आणि मानसशास्त्र एकत्र मागितलं, तर उत्तर आलं, "वेळापत्रकात बसत नाही." आता भाऊ स्वतः प्राचार्यांना भेटायला जाणार आहे. स्कोपचं नंतर बघू म्हणतो.